फ्युनिक्युलर रेल्वे, नगरांतील

फ्युनिक्युलर रेल्वे, नगरांतील : एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांना बांधलेले दोन डबे परस्परांचा तोल सांभाळीत तीव्र चढावर वर-खाली जातात, अशी रुळांवरील वाहतूक. दोर वरच्या स्थानकातील मोठ्या चाकावरून फिरतो. एक डबा उतरू लागला की दुसरा चढू लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरउतारावर वाढलेल्या अनेक शहरांनी ही रेल्वे स्वीकारली. त्यांतल्या ज्या टिकल्या, त्यांच्या खिडकीतून शहर पाहण्यासाठी आज जगभरातून लोक येतात. मात्र देखाव्यासाठी बांधलेले मार्ग मोजकेच होते. विणकर, गिरणीकामगार, कारकून आणि टेकडीवर घरे बांधणारे धनिक यांची चढण वाचवणे हा मूळ हेतू होता. या नोंदीत शहरांतील जुन्या मार्गांचाच विचार केला आहे.

व्याप्ती : रज्जुमार्गात पाळणा दोराला लटकतो, येथे डबा रुळांवर असतो. दंतुर रुळाच्या रेल्वेत इंजिन स्वतःच दात्यांना धरून चढते, येथे डब्याला स्वतःचे इंजिन असण्याची गरज नसते. सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ साली सुरू झालेल्या केबल ट्रामशी तिची गल्लत होते. पण त्या ट्राम सतत धावणारा दोर चिमट्याने पकडतात आणि सोडतात. फ्युनिक्युलरचा डबा दोराला कायमचा जखडलेला असतो आणि दोर थांबला की दोन्ही डबे थांबतात. पॅरिसमधील माँमार्त्रचे उदाहरण सीमेवरचे आहे. १९०० साली सुरू झालेला हा मार्ग खरा फ्युनिक्युलर होता. १९९१ च्या पुनर्रचनेत त्याचे दोन डबे एकमेकांपासून स्वतंत्र केले गेले. काटेकोर तांत्रिक दृष्टीने तो आता तिरका उद्वाहक म्हणजे तिरकी लिफ्ट आहे. तरी मार्गाची अखंड परंपरा लक्षात घेऊन त्याचा समावेश याच वर्गात करणे अधिक योग्य वाटते.

उगम : पहिला मान कोणाचा, याबद्दल एकवाक्यता नाही. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यावर माल चढवणाऱ्या ‘राइसत्सूग’ या मार्गाला पुष्कळ संदर्भग्रंथ अग्रमान देतात. कार्डिनल माथेउस लांग याने १५१५ साली त्याचे वर्णन केले आहे. बांधकाम त्याआधीचे असावे. ते सामान्यतः १४९५ ते १५०४ या दरम्यान धरले जाते. रूळ लाकडी, दोर तागाच्या जातीच्या धाग्याचा आणि शक्ती माणसांची किंवा जनावरांची अशी त्याची मूळ स्थिती होती. पोलादी रूळ, पोलादी दोर आणि विजेची मोटर हे सारे नंतरचे. मार्ग पाच शतके त्याच जागी वापरात आहे, ही गोष्ट थक्क करणारी आहे. परंतु तो माल ओढून वर नेण्याचा मार्ग होता. एकमेकांना तोलणारे दोन डबे हे फ्युनिक्युलरचे मर्म मानले, तर राइसत्सूगला सर्वांत जुन्या दोररेल्वेचा मान देता येतो, त्यापुढचा दावा जपून करावा लागतो.

तोलाची कल्पना रुजली ती खाणी आणि कालव्यांच्या कामात. भरलेली वाघीण (मालडबा) उतरताना रिकामी वाघीण वर खेचते, हे इंग्लंडमधील खाणकामगारांना अठराव्या शतकात परिचित होते. श्रॉपशरमधील केटली येथे विल्यम रेनल्ड्स याने १७८८ साली याच तत्त्वावर कालव्यातील होड्या उतारावरून नेण्याची सोय केली. माणसांच्या बाबतीत अमेरिकेतील नायगारा येथील प्रॉस्पेक्ट पार्कच्या पाण्यावर चालणाऱ्या मार्गाचा (१८४५) दाखला दिला जातो. धबधब्याच्या पायथ्याशी पर्यटकांना उतरवणारा हा मार्ग काळाने पुढे असला, तरी त्याचा शहराच्या दैनंदिन ये-जा करण्याशी संबंध नव्हता.

या कारणाने नागरी फ्युनिक्युलरचा आरंभ फ्रान्समधील ल्यों येथे, १८६२ मध्ये, मानणारे मत येथे ग्राह्य धरले आहे. र्‍यू तेर्म या रस्त्यापासून क्र्वा-रूस टेकडीपर्यंत जाणारा हा मार्ग सुमारे अर्धा किलोमीटर लांब होता. ही टेकडी रेशीम विणणाऱ्यांची. वर माग, खाली व्यापारी पेढ्या, आणि मधली चढण रोजची. वरच्या टोकाला वाफेचे इंजिन बसवले होते. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की या मार्गाचा काही भाग बोगद्यातून जाई. इस्तंबूलमधील ‘ट्युनेल’ (१८७५) तर ५७३ मीटर लांबीचा संपूर्ण भुयारी मार्ग आहे. यूझेन-आंरी गावाँ या फ्रेंच अभियंत्याने बंदराकडील काराक्यॉय आणि वरचे बेयोलू जोडण्यासाठी तो बांधला. आरंभीच्या या दोन महत्त्वाच्या मार्गांवर देखाव्याला फारसे स्थान नव्हते, यावरून बांधणाऱ्यांचा हेतू स्पष्ट होतो. ल्योंचा तो मार्ग १९६७ मध्ये बंद झाला. फूर्व्हिएर टेकडीवरचे मार्ग मात्र चालू आहेत.

एकाच मार्गासाठी वेगवेगळ्या ग्रंथांत आढळणाऱ्या सनावळ्यांतील तफावतीचे कारण बहुधा चाचणी, उद्घाटन आणि नियमित सेवा यांतील फरकात सापडते. झाग्रेबच्या ६६ मीटरच्या चिमुकल्या मार्गासाठी १८९० आणि १८९३ अशी दोन्ही साले आढळतात. पहिले पहिल्या फेरीचे, दुसरे नियमित वाहतुकीचे. हाँगकाँगमध्ये व्हिक्टोरिया शिखरावर चढणाऱ्या पीक ट्रामसाठी २८ आणि ३० मे १८८८ या दोन्ही तारखा दिल्या जातात.

रचना : दोन डबे समान वजनाचे असल्यामुळे डब्यांचे वजन परस्पर कटते. यंत्राला उचलावा लागतो तो दोन्हीकडच्या प्रवाशांच्या वजनातील फरक. शिवाय घर्षण आणि दोराचा भार. दोराचा भार वाटतो तितका क्षुल्लक नाही. फेरीच्या आरंभी खालच्या डब्याच्या बाजूला दोराची पूर्ण लांबी लोंबत असते, वरच्या डब्याकडे जवळजवळ काहीच नसते. फेरी संपताना परिस्थिती नेमकी उलटी होते. म्हणून आदर्श मार्ग खाली सौम्य आणि वर अधिकाधिक तीव्र असावा, म्हणजे वरचा डबा उतरण्यास निघताना त्याला चढाचीच मदत मिळते. शहरात जमीन हवी तशी मिळत नाही, तेथे ही उणीव मोटर आणि ब्रेक भरून काढतात. चढ टक्केवारीत सांगण्याची रीत आहे. १०० टक्के म्हणजे ४५ अंश. स्वित्झर्लंडमधील श्टोस (२०१७) येथील मार्ग ११० टक्क्यांपर्यंत चढतो, पण तो डोंगरी गावाचा आणि अगदी अलीकडचा.

जुन्या मार्गांवर प्रत्येक डब्याला स्वतंत्र रूळजोडी असे, म्हणजे एकूण चार रूळ. मधला रूळ सामाईक ठेवून तीन रुळांत भागवण्याची पद्धतही रूढ होती. एकाच रूळजोडीवर काम भागावे आणि फक्त मध्यावर डबे एकमेकांना ओलांडतील असा बगलमार्ग असावा, ही इच्छा जुनी; अडचण सांध्यांची, म्हणजे रूळ फुटतात त्या जागांची, होती. सरकते सांधे ठेवावेत तर प्रत्येक फेरीत ते बदलायला हवेत आणि शिवाय मधून दोर जायला वाट हवी. कार्ल रोमान आप्ट या स्विस अभियंत्याने हा प्रश्न सोडवला. त्याच्या सांध्यात हलणारा एकही भाग नाही. डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडे कंगोरे (रूळ धरून ठेवणाऱ्या उंच कडा) असतात, दुसऱ्या बाजूची चाके रुंद आणि बिनकंगोऱ्यांची असतात. कंगोऱ्यांची चाके बाहेरचा अखंड रूळ धरून जातात. रुंद चाके आतल्या रुळातल्या, दोरासाठी राखलेल्या फटींवरून सरळ सरकतात. दोन डब्यांत ही व्यवस्था उलटसुलट असल्यामुळे एक डबा नेहमी डावीकडे वळतो, दुसरा नेहमी उजवीकडे.

या शोधाचे साल सहसा १८७९ दिले जाते, कारण त्या वर्षी ब्रीएन्झ सरोवराकाठच्या गीसबाख मार्गावर आप्टने आपली मांडणी प्रथम केली. तथापि आज सर्वत्र दिसणारी, एका बाजूला दुहेरी कंगोऱ्यांची चाके असलेली सुधारित पद्धत लुगानोच्या १८८६ मधील मार्गापासूनची आहे. केवळ १८७९ हे साल देऊन थांबणारे ग्रंथ या दोन टप्प्यांची सरमिसळ करतात. डब्याच्या पुढच्या काचेशी उभे राहून हा सांधा पाहावा. समोरून दुसरा डबा त्याच रुळांवर, त्याच वेगाने अंगावर येत असतो. टक्कर अटळ वाटते त्या क्षणी दोन्ही डबे हलका हिसका देऊन आपापल्या बाजूला सरतात, हाताच्या अंतरावरून पलीकडचे चेहरे जातात आणि रूळ पुन्हा एक होतात.

शक्ती म्हणून वाफ आणि पाणी दोन्ही वापरात होते. पाण्याच्या पद्धतीत वरच्या डब्याखालची टाकी भरायची, खाली पोचल्यावर रिकामी करायची. पोर्तुगालमध्ये ब्रागाजवळील बोम जेझुस देवस्थानाचा मार्ग १८८२ पासून असाच चालतो. खालच्या डब्यात किती माणसे आहेत ते वर कळवले जाते आणि त्या बेताने पाणी भरतात. स्वित्झर्लंडच्या फ्रीबूर शहरात (१८९९) त्यासाठी सांडपाणी वापरले जाते. हिवाळ्यात गोठणारे पाणी आणि फेऱ्यांमधला वेळ यांमुळे विसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी वीज आली. माँमार्त्र येथे हा बदल १९३५ मध्ये झाला.

शहर आणि देखावा : देखाव्याच्या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील पिट्सबर्गचे आहे. मनाँगहीला नदीच्या दक्षिणेला उभा असलेला डोंगर पूर्वी कोल हिल म्हणजे कोळशाची टेकडी म्हणून ओळखला जाई; आता तो माउंट वॉशिंग्टन. खाली गिरण्या आणि भट्ट्या, वर कामगारांची घरे. जॉन एन्ड्रेस याने आखलेला मनाँगहीला इन्क्लाइन (तेथे फ्युनिक्युलरला हेच नाव) २८ मे १८७० रोजी सुरू झाला. चढ सुमारे ३५ अंशांचा. सॅम्युएल डीशर याने आखलेला ड्युकेन इन्क्लाइन १८७७ चा, सुमारे ३०.५ अंशांचा, म्हणजे ५९ टक्क्यांच्या आसपास. एके काळी या शहरात असे दीड डझनाच्या जवळपास मार्ग होते, आता हे दोनच उरले. त्यांतून आज ॲलेगेनी आणि मनाँगहीला यांचा संगम आणि तेथून निघालेली ओहायो नदी एका नजरेत दिसते. त्या काळच्या कामगाराला हे दृश्य किती दिसत असेल याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. १९४० च्या सुमारास धुरामुळे दिवसाढवळ्या रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. १९४१ चा धूरनियंत्रणाचा नियम युद्धानंतर अमलात आला आणि मगच हवा निवळली. ड्युकेन मार्ग १९६२ मध्ये बंद पडला. टेकडीवरच्या रहिवाशांनी पैसे उभे करून तो पुढच्याच वर्षी पुन्हा सुरू केला. त्याच्या यंत्रघरातील मोठ्या दंतचक्राचे दाते लाकडी आहेत. लाकडाचा दाता झिजला की तेवढाच बदलता येतो, सगळे चाक नव्याने ओतावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकातले हे शहाणपण तेथे अजून कामात आहे.

हाँगकाँगमध्ये चढ श्रीमंतांच्या बाजूचा होता. व्हिक्टोरिया शिखरावरील पीक हॉटेलशी संबंधित अलेक्झांडर फिंडले स्मिथ या स्कॉटिश गृहस्थाने पीक ट्रामचा प्रस्ताव मांडला. तीन वर्ग होते : पहिला वसाहतीचे अधिकारी आणि शिखरावरील रहिवासी यांचा, दुसरा ब्रिटिश सैन्य आणि पोलीस यांचा, तिसरा इतर सर्वांचा आणि जनावरांचा. १९०८ ते १९४९ या काळात पुढची जागा गव्हर्नरसाठी राखीव असे. १९०४ च्या कायद्याने शिखरावर चिनी लोकांना राहण्यास प्रत्यक्षात बंदीच होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या देखाव्याची मालकी कोणाची होती हे कळते. १९२६ मध्ये वाफ जाऊन वीज आली; सध्याचे मोठे डबे २०२२ चे. चढताना बाहेरच्या गगनचुंबी इमारती डोंगराच्या बाजूला कललेल्या दिसतात. हाँगकाँग विद्यापीठातील संशोधकांनी या भासाचा अभ्यास केला. शरीराचा कल, खिडकीची चौकट आणि बाहेरची पार्श्वभूमी अशी अनेक कारणे त्यामागे एकत्र येतात. त्यांपैकी एक दूर केल्याने भास पूर्ण जात नाही.

चिलीतील व्हालपाराईसो येथे समुद्र आणि डोंगर यांत सपाट जमिनीची अरुंद पट्टीच आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक टेकडीला आपला मार्ग मिळाला. कोन्सेप्सियोन (१८८३) हा त्यांतला सर्वांत जुना. शहराचा ऐतिहासिक भाग २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. बुडापेस्टचा किल्ल्याच्या टेकडीवरील मार्ग (१८७०) दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाला तो १९८६ मध्ये पुन्हा उभा राहिला. डॅन्यूब आणि साखळी पूल यांचे दर्शन घडवण्यात त्याचे सारे महत्त्व सामावले आहे. नेपल्स, तिबिलिसी (१९०५) आणि बर्गन (१९१८) येथील मार्ग रहिवासी आणि पाहुणे दोघांच्याही उपयोगाचे आहेत.

सुरक्षा : ब्रेक तीन ठिकाणी अपेक्षित असतात : चालक यंत्रावर, दोराच्या मोठ्या चाकावर आणि दोर तुटल्यास रूळ पकडणारा खुद्द डब्याचा. लॉस एंजेलिसमधील एंजेल्स फ्लाइटच्या (१९०१) १९९६ च्या पुनर्बांधणीत दोन डब्यांना स्वतंत्र दोर आणि ते गुंडाळणारी पिंपे देऊन ती दंतचक्रांनी जोडली होती. २००१ मध्ये ही जोडणी निकामी झाली, डबा सुटला आणि एक प्रवासी मृत्यू पावला. रुळांवरचा ब्रेक नव्हता. हा मार्ग २०१७ पासून पुन्हा नियमित सुरू आहे. लिस्बनमधील ग्लोरिया (१८८५) मार्गाची रचना वेगळी : विजेच्या मोटरी डब्यांतच होत्या आणि रस्त्याखालून जाणारा दोर दोन डब्यांना तोलत असे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी डब्याच्या जोडणीपाशी दोर सुटला, डबा उतारावरून घसरून वळणावर उलटला आणि १६ माणसे दगावली. ब्रेक लावले गेले होते, पण तोल गेल्यावर ते पुरेसे पडले नाहीत. जुने डबे जतन करताना दोर आणि त्याची जोडणी यांची तपासणी सर्वांत कडक असली पाहिजे, हे या दोन्ही घटनांवरून आग्रहाने म्हणावे लागते.

आशियातील इतर मार्ग : जपानमधील पहिला मार्ग इकोमा येथे १९१८ मध्ये सुरू झाला. मलेशियातील पेनांग टेकडीचा मार्ग १९२३ च्या अखेरीस प्रवाशांना खुला झाला, औपचारिक उद्घाटन १ जानेवारी १९२४ चे. तो दोन टप्प्यांत होता व मध्ये गाडी बदलावी लागे. २०१०-११ च्या पुनर्बांधणीनंतर एकाच डब्यातून थेट वर जाता येते.