गूगलवर सापडलं म्हणजे कॉर्पसमध्ये सापडलं, असं नाही

इंग्रजीच्या शिक्षकांत हा वाद हमखास निघतो: ‘डिस्कस अबाउट’ चालतं का? कुणीतरी फोन काढतं, अवतरणचिन्हांत शब्द टाकतं आणि गूगलचा भलामोठा आकडा सगळ्यांपुढे धरतं. एवढे लोक लिहितात, म्हणजे चालत असणार. वर ‘कॉर्पस बघून सांगतोय’ हेही ऐकवतं.

बघितलं ते गूगल. कॉर्पस म्हणजे भाषा तपासण्यासाठीच, काय घ्यायचं आणि किती घ्यायचं हे ठरवून जमवलेला मजकूर. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात, 1961 साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या मजकुरातून, सुमारे दोन हजार शब्दांचा एक, असे 500 उतारे निवडले गेले. बातम्या, कथा, शास्त्रीय लेखन अशा वर्गवारीने एकूण दहा लाख शब्द भरले. त्याच साच्यावर आपल्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, एस. व्ही. शास्त्री यांनी 1978 च्या भारतीय इंग्रजीचा कॉर्पस उभा केला. तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच जगभर ओळखला जातो. आपल्याकडच्या किती इंग्रजी शिक्षकांनी हे नाव ऐकलंय, कोण जाणे.

शब्द किती आहेत हे माहीत असल्याने इथे हिशेब मांडता येतो. कोल्हापूरच्या दहा लाखांत एखादा शब्द किती वेळा येतो आणि ब्राउनच्या दहा लाखांत किती, ही तुलना सरळ होते. गूगल आपल्याला फक्त अंश देतं, छेद देत नाही. अंशही अंदाजाचा; तोच शोध पुन्हा केला की बदलू शकतो. त्यातली गंमत म्हणजे ‘डिस्कस अबाउट लिहू नका’ असं बजावणारी पानंही त्या आकड्यात धरली जातात.

ब्रिटिश नॅशनल कॉर्पस दहा कोटी शब्दांचा आहे. त्यात ‘डिस्कस’ शोधलं की शब्द मधोमध आणि दोन्ही बाजूंना त्याचा शेजार, अशा ओळीच ओळी समोर येतात. क्रियापदानंतर थेट कर्म. ‘अबाउट’ भेटतो तो ‘टॉक’च्या नंतर, नाहीतर ‘डिस्कशन’ या नामाच्या नंतर. मुलांची चूक कुठून येते ते इथे कळतं: नामाची सवय क्रियापदाला लागते, आणि त्यात मराठीतलं ‘विषयी चर्चा करणे’ डोक्यात असतंच.

मराठी शिकवणाऱ्यांनाही हा फरक लागू आहे. ‘वर’ हा शब्द गूगलला दिला तर नवरदेव, आशीर्वाद आणि टेबलावरची जागा यांचा गोपाळकाला होतो. शब्दांच्या जाती नोंदवलेल्या कॉर्पसमध्ये फक्त नामं मागता येतात. मूळ रूपंही नोंदवली असतील तर ‘घर’ शोधताना ‘घरात’, ‘घराला’ आपोआप येतात.

नव्या शब्दासाठी मात्र गूगलच बरं. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस 1990 च्या दशकातच थांबला. त्यात ‘सेल्फी’ शोधणं व्यर्थ.

आणि वर्गात? इंग्रजीचे शिक्षक टिम जॉन्स यांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये विद्यार्थ्यांपुढे कॉर्पसमधल्या अशा ओळीच ठेवल्या, नियम त्यांनाच शोधायला लावला. आपल्या आठवीच्या वर्गापुढे कच्च्या ओळी ठेवल्या तर तुटकी वाक्यं पाहून मुलं बिचकतील. सोप्या दहा-बारा निवडाव्यात, मधला शब्द खोडावा, कागदावर छापून द्याव्यात आणि तो शब्द ओळखायला सांगावा. त्यासाठी वर्गात इंटरनेटही लागत नाही.