निवडुंग म्हटलं की कॅक्टस नव्हे

आमच्या संभाजीनगरच्या शेजाऱ्यांकडे सुलकाटा जातीचं आफ्रिकन कासव आहे, रीतसर नोंदणी केलेलं. गेल्या महिन्यात त्यांनी त्याच्या वाफ्यात लावायला नर्सरीतून एक ‘कॅक्टस’ आणला. मी त्याला सुई टोचली. पांढराशुभ्र चीक ठिबकला. तो कॅक्टस नव्हताच, त्रिधारी निवडुंग होता.

गोंधळ आपल्या शब्दातच आहे. रिप्सालिस नावाच्या कॅक्टसची एक जात वगळली तर जगातले सगळे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडांतले. म्हणजे कोलंबसाआधी बालाघाटच्या डोंगरांवर जो निवडुंग होता, तो शेराचा भाऊबंद, युफोर्बिया. फड्या निवडुंग हा मात्र खरा कॅक्टस, तो मागाहून अमेरिकेतून आला आणि त्याच नावाने नांदू लागला. कॅक्टसचे काटे लवदार ठिपक्यातून झुपक्याने फुटतात, युफोर्बियाचे बहुधा धारेवर जोडीजोडीने.

खरा फरक चिकात आहे. जमालगोटा युफोर्बियाच्याच कुळातला. त्याच्या तेलात फॉरबॉल एस्टर नावाचे दाहक रेणू असतात, आणि युफोर्बियाच्या चिकात त्यांचेच नातलग रेणू. पेशीत प्रोटीन कायनेज सी नावाचं विकर (एन्झाइम) असतं. बाहेरून निरोप आला की पेशीच्या पटलात डायअसिलग्लिसरॉल नावाचं एक मेद तयार होतं, ते या विकराला पटलाशी ओढून चालू करतं आणि लगेच मोडून जातं. विकर बंद. चिकातला रेणू नेमका त्याच खाचेत बसतो, पण पेशीला तो सहज मोडता येत नाही. कळ दाबलेलीच राहते, पेशी दाहाचे निरोप सोडत सुटते. तोंड, डोळे, आतडं, जिथे चीक लागेल तिथे आग होते, सूज येते.

म्हणून चीक निघाला की कासवाच्या खाण्यासाठी ते रोप बाद. मॅमिलेरियासारख्या काही खऱ्या कॅक्टसनाही पांढरा चीक येतो, तेही नकोत.

फड्या निवडुंग उत्तम. बारीक कुसळं मात्र ज्योतीवर जाळून घ्यावीत. त्यात कॅल्शियम भरपूर, पण बरंचसं ऑक्सलेट या क्षारात अडकलेलं, म्हणून अंगी न लागणारं, आणि सुलकाटाचं मुख्य अन्न गवतच. एचेव्हेरिया, हावोर्थिया ही कुंडीतली मांसल पानांची रोपं चालतात. घायपात नको, त्यात ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा रस रेचक. पानफुटी लोक मुतखड्यावर खातात म्हणून ती निरुपद्रवी वाटते; पण तिच्या वर्गातल्या वनस्पतींत हृदयावर परिणाम करणारी बुफाडायनोलाइडं असतात. त्या खाऊन गुरं दगावली आहेत.

आणि अंगावर चांदण्या असलेलं आपलं देशी कासव घरात ठेवलं की लक्ष्मी येते, ही समजूत निव्वळ खोटी आहे. तिच्यापायी ही कासवं पकडून चोरून विकली जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पाळणं गुन्हा आहे.

शेजाऱ्यांनी आता माळावरून फड्याचं एक पान आणलंय. कापलेली कड सुकायला ते आठवडाभर सावलीत ठेवलंय. मग वाफ्यात खोचायचं, आणि नवी पानं धरेपर्यंत कासवाला तिकडे जाऊ द्यायचं नाही.