मीठ समुद्राचं, आयोडीन कारखान्याचं

चैत्र-वैशाखात नाशिकमध्ये वाळवणं सुरू झाली की किराणा दुकानांपुढे खड्या मिठाची पोती उभी राहतात. लोणच्याला जाडं मीठच लागतं, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. वाद झाला तो रोजच्या भाजी-आमटीवरून. आमची आत्या त्यातही जाडं मीठच टाकते. "अरे, समुद्राचं आहे ते. त्यात आयोडीन नसेल तर कशात असेल?"

प्रश्न रास्त आहे, पण हिशेब वेगळंच सांगतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं, असं धरलं तरी ग्रॅममागे दीड-पावणेदोन मायक्रोग्रॅमच पडतं. प्रत्यक्षात मिठागरात तेवढंही उतरत नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीची २५०. म्हणजे आत्याच्या मिठातून ती भागवायची तर रोज शंभर ग्रॅम मीठ खावं लागेल.

आयोडीन सापडलं मात्र समुद्राच्याच कृपेने. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवत होता. समुद्री शेवाळाच्या राखेवर प्रक्रिया करताना जांभळी वाफ उठली, ती आयोडीनची. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत ते असतं, हे १८९६ मध्ये बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. ते कमी पडलं की ही ग्रंथी सुजते, तोच गलगंड. गलगंड पुष्कळ असलेल्या स्वित्झर्लंडने १९२२ पासून मिठात ते मिसळायला सुरुवात केली.

आपल्याकडचा पुरावा हिमाचलच्या कांगडा खोऱ्यातला. तिथे १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एकाला साधं. पाच-सहा वर्षांत त्या दोन भागांतले गलगंड ठळकपणे कमी झाले, तिसऱ्यात तसं काही झालं नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, पण पुढची वीस वर्षं तो डोंगरी पट्ट्याचा आजार म्हणूनच चालला. सगळ्या देशाचं मीठ आयोडीनयुक्त करायचं हे ठरायला १९८४ उजाडलं. त्यानंतर धरसोड झाली. १९९७ मध्ये साध्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा घातली. सक्ती नको, असं म्हणणाऱ्यांची बाजू मला अगदीच पोकळ वाटत नाही, पण गलगंड असलेल्या गावाला सहा वर्षं थांब म्हणणं जड जातं. नियमात एक वाट मोकळी आहे. थेट खाण्याचं नसून पदार्थ टिकवण्यासाठी असलेलं मीठ, तसं लेबल लावून, बिनआयोडीनचं विकता येतं. लोणच्याची सोय कायद्यातही आहे म्हणायची.

नाशिकपुरतं बोलायचं तर इथे मीठ कायमच घाट चढून आलं. आधी बैलांच्या पाठीवर थळघाटातून, १८६५ नंतर रेल्वेने. ताजी मासळी मात्र घाटाखालीच राहायची. वर पोचायचं ते फार तर सुकट-बोंबील, तेही खाणाऱ्या घरांत. बाकी आयोडीन येणार कुठून? माती ते देईल तेवढंच पिकात, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात माती धुऊन निघते. दूध-अंड्यांचा थोडा हातभार लागतो. त्यात निफाड-येवल्याकडची बाजरी. सुदानच्या दारफूरमध्ये गलगंडाशी बाजरीचा संबंध अभ्यासकांना दिसला. तिच्यातली काही द्रव्यं थायरॉइडच्या कामात आडवी येतात. यासाठी भाकरी सोडायचं कारण नाही, कारण शरीरात आयोडीन पुरेसं असेल तर बाजरी सहसा त्रास देत नाही. मीठ साधं, मासळी नाही आणि दोन्ही वेळा बाजरी, असं तिन्ही जुळून आलं की अडचण होते.

आता उपासाचं सैंधव रोजच्या डब्यात शिरलंय, गुलाबी मिठाची पाकिटं महागात विकली जातात. वरून मिसळलेलं नसेल तर दोन्हींत आयोडीन नगण्यच. पाकिटबंद आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम उरावं, असा नियम आहे. आपल्या दमट हवेत टिकावं म्हणून पोटॅशियम आयोडेट वापरतात. तरी डबा उघडा नको.

गेल्या वर्षी आरोग्य खात्याच्या आशाताई मिठातलं आयोडीन तपासायची बाटली घेऊन आल्या होत्या. त्यांनी बशीत दोन चिमटी मीठ घेतलं आणि दोन्हींवर एकेक थेंब टाकला. पाकिटातलं मीठ जांभळं झालं. आत्याचं पांढरंच्या पांढरं. ती बराच वेळ बशीकडे बघत राहिली, मग जाड्या मिठाची बरणी ओट्यावरून उचलून फळीवर लोणच्याशेजारी ठेवली.

"लोणच्याला मात्र हेच," म्हणाली.