वन्य कृंतकांची विविधता आणि जनुकीय चिन्हके : पार्श्वभूमी

सस्तन प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे ४० टक्के जाती कृंतकांच्या, म्हणजे उंदीर, घुशी आणि खारी यांच्या गणातल्या आहेत. कवटी, दात आणि कातडीचा रंग पाहून त्यांचे वर्गीकरण होत असे. पण एकाच जातीच्या दोन वसाहतींत वेगळेपणा किती आहे, हे त्यावरून नेमके सांगता येत नसे.

जनुकीय चिन्हकांनी, म्हणजे आनुवंशिक फरक ओळखू देणाऱ्या खुणांनी, तो वेगळेपणा मोजण्याचा मार्ग १९६६ मध्ये मोकळा झाला. रिचर्ड लेवॉन्टिन आणि जॅक हबी यांनी फळमाशीच्या प्रथिनांची वेगवेगळी रूपे इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे वीजप्रवाहाने जेलमधून सरकवून वेगळी करण्याच्या रीतीने, दाखवली आणि तीनच वर्षांत रॉबर्ट सेलँडर व सहकाऱ्यांनी ही रीत डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पातील घरउंदरांना लावली. तेथे पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची अशा दोन उपजातींचा संकरपट्टा, म्हणजे त्यांचा संकर होणारा पट्टा, आहे. काम चिकाटीचे होते. ऊतीचा अर्क गाळणकागदाच्या चिमुकल्या तुकड्यावर टिपून तो स्टार्चच्या जेलमध्ये खोचायचा, काही तास वीजप्रवाह सोडायचा, मग जेलचा पातळ काप रंगद्रावणात ठेवून पट्टे उमटण्याची वाट पाहायची. आईबापांकडून निरनिराळी रूपे आली असतील, तर पट्टे एकाहून अधिक उमटतात. मात्र मूत्रपिंड किंवा यकृत हवे असल्यास प्राणी मारावा लागे आणि प्रथिनाचा विद्युतभार न बदलणारे डीएनएतील बरेचसे फरक निसटून जात.

१९७९ मध्ये जॉन एव्हिस आणि सहकाऱ्यांनी आग्नेय अमेरिकेतील पॉकेट गोफर या बिळे खोदणाऱ्या कृंतकाचा मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या कणांतला डीएनए, तपासला. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील गोफरांत किमान ३ टक्के फरक निघाला. दोन गट प्रथिनांवरूनही ओळखू येत होते. जवळजवळच्या वसाहतींची नाती मात्र प्रथिनांवरून फारशी लागत नव्हती, ती या डीएनएने लावून दिली. तो सहसा फक्त आईकडून येत असल्याने त्याची वंशावळ मातृवंशाचीच असते, आणि ही मर्यादा साधी नव्हे. उत्तर डेन्मार्क आणि स्वीडनमधील घरउंदीर प्रथिनांवरून पूर्वेकडच्या उपजातीचे ठरतात, पण त्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए पश्चिमेकडच्या उपजातीचा आहे, असे १९८३ मध्ये दिसून आले. एकच चिन्हक वापरले असते, तर या उंदरांचा अर्धाच इतिहास हाती लागला असता.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची रीत, आल्यावर नमुन्याची गरज कमालीची घटली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९११, १९१७ आणि १९३७ साली तीन ठिकाणी गोळा केलेल्या, कांगारू-रॅट या अमेरिकेतील कृंतकाच्या ४३ सुक्या कातड्यांतून डीएनए वाचून, त्याच ठिकाणी १९८८ मध्ये पकडलेल्या ६३ प्राण्यांशी ताडून पाहिला गेला. तिन्ही ठिकाणची विविधता टिकून होती.

१९८९ पासून मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे दोन-चार अक्षरांची (डीएनएच्या रासायनिक घटकांची) सलग पुनरावृत्ती असलेले डीएनएचे तुकडे, हाताशी आले. त्यांसाठी कानाचा बारीकसा तुकडा पुरतो आणि प्राणी जागीच सोडून देता येतो. एकेका जागी कित्येक रूपे सापडत असल्याने पितृत्व किंवा अलीकडचे स्थलांतर शोधायला ते उत्तम ठरले. परंतु तुकड्याची लांबी यंत्रागणिक किंचित वेगळी मोजली जाते. त्यामुळे समान संदर्भ-नमुने चालवल्याखेरीज दोन प्रयोगशाळांचे आकडे एकत्र करता येत नाहीत, आणि संपूर्ण जनुकसंचातील एकाक्षरी फरक हजारोंनी वाचण्याच्या पद्धती पुढे रुळल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.