वीस डिग्रीचा हायड्रोमीटर अन् जळगावचा मे महिना

भाचा जर्मनीत राहतो, तिकडे घरीच बिअर बनवतो. मे महिन्यात जळगावला आला तेव्हा इकडे काचसामान स्वस्त पडतं म्हणून एक नवा हायड्रोमीटर, म्हणजे द्रव पाण्याच्या मानाने किती जड ते तरंगून दाखवणारी काचेची नळी, घेऊन ठेवला, अन् दुपारी तीनला नळाचं पाणी घेऊन चेक करायला बसला. साध्या पाण्यात 1.000 दिसायला पाहिजे, दिसलं 0.994. "मामा, डुप्लिकेट माल दिला मला." मी गच्चीवर उन्हात तापलेल्या टाकीकडे बोट दाखवलं. मग माठातलं पाणी घेतलं तर 0.998 आलं, अन् त्यातच फ्रिजचं थोडं मिसळून थर्मामीटरवर 20 डिग्री आणलं तर बरोब्बर 1.000. नळी चांगलीच होती, आतल्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरात 20 डिग्री छापलेलं, तेच कोणी वाचलं नव्हतं.

आता हे 20 कुठून आलं त्याची भानगड जुनी आहे. तरंगणारी नळी तशी फार पूर्वीची, साधारण इ.स. 400 च्या सुमारास सिनेसियस नावाच्या माणसाने आजारपणात अलेक्झांड्रियाच्या गणितज्ञ हायपेशियाला पत्र लिहून अशी एक नळी करून मागितली होती, पाण्याचं वजन बघायला. 1675 मध्ये रॉबर्ट बॉइलने असंच एक यंत्र छापून मांडलं. पण ह्याला खरा भाव आला तो टॅक्सवाल्यांमुळे. दारूत पाणी किती हे जिभेवर ठरवून कर लावला की रोज भांडणं, म्हणून इंग्लंडात आधी क्लार्कचा हायड्रोमीटर चालला अन् 1816 च्या कायद्याने साइक्सचा.

बिअरवाले मात्र उशिरा जागे झाले. ते आपले चव अन् अंदाज यावर चाललेले. 1768 च्या सुमारास जेम्स बॅव्हरस्टॉक नावाचा एक तरुण ब्रुअर हायड्रोमीटर घेऊन मोजायला लागला, तर लंडनचा बडा ब्रुअर व्हिटब्रेड, त्याने त्याला उडवून लावलं, दुसरा ब्रुअर थ्रेल, त्याने मात्र ऐकून घेतलं. मग 1784 मध्ये इंग्लंडातल्या हल गावच्या जॉन रिचर्डसनने सॅकॅरोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या अशाच नळीवर, पुस्तकच काढलं. अन् मोजायला लागल्यावर जे समजलं त्याने धंदाच फिरला: पोर्टर ही काळपट बिअर ज्या स्वस्त ब्राऊन माल्टवर (मोड आणून जास्त भाजलेल्या बार्लीवर) बनायची त्यातून फिकट पेल माल्टपेक्षा साखर बरीच कमी उतरायची, म्हणजे स्वस्त वाटणारा माल प्रत्यक्षात महाग. सगळे पेल माल्टकडे वळले, पण मग पोर्टर काळी कशी दिसणार, त्यावर नाना उद्योग झाले अन् शेवटी 1817 मध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट काळं भाजायच्या ड्रमचं पेटंट घेतलं. आजची बरीचशी स्टाउट, म्हणजे काळी बिअर, त्या काळ्या माल्टवर उभी आहे, मला तर ह्या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात मजेदार वाटतो.

1880 मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून सरळ वॉर्टच्या (आंबायच्या आधीच्या गोड पाण्याच्या) ग्रॅव्हिटीवर, म्हणजे नळीवरच्या आकड्यावर, लावला, 1.057 धरून, मोजायचं 60 फॅरनहाइटला, म्हणजे साडेपंधरा डिग्रीला. तिकडे प्रागच्या बॉलिंगने 1843 मध्ये साखर मोजायची आपली स्केल साडेसतरा डिग्रीवर केली होती, नंतर प्लाटोने ती सुधारून 20 वर आणली. म्हणजे आकडा कोणताही घ्या, थंड देशाच्या तळघरातलाच.

आपल्याकडे साइक्स आला तो इंग्रजांच्या आबकारीसोबत. देशीच्या बाटलीवर अजून 25 अंडर प्रूफ (ठरलेल्या 'प्रूफ' कडकपणापेक्षा 25 टक्के कमी) लिहितात ना, ते त्याचंच शेपूट, म्हणजे 42.8 टक्के अल्कोहोल. सातपुड्यात मोहाची गाळणाऱ्याला अशी नळी कधी लागली नाही, पहिल्या धारेची कोणती ते त्याला माहीत असतं. (अन् हो, आपल्याकडे लायसनशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, 1949 चा दारूबंदी कायदा आहे, आम्ही पाणीच मोजत होतो.)

गरम झालं की पाणी हलकं होतं, नळी जास्त बुडते, आकडा कमी दिसतो. 20 च्या नळीवर 30 डिग्रीला अडीच पॉइंट (एक पॉइंट म्हणजे 0.001) कमी, 40 ला सहा. 1.050 चं वॉर्ट 40 ला मोजलं तर 1.044 च्या आसपास दिसणार, अन् शेवटचं रीडिंग थंड करून घेतलं तर अल्कोहोलच्या हिशोबात (तो पहिल्या अन् शेवटच्या आकड्यातल्या फरकावरून काढतात) पाऊण टक्का गायब. उलट आंबताना गॅसचे बुडबुडे नळीला चिकटले की ती वर उचलली जाते अन् आकडा जास्त येतो, म्हणून सॅम्पल दोन भांड्यांत वरखाली ओतून गॅस काढायचा, नळीला गिरकी द्यायची अन् डोळा पातळीला आणून वाचायचं, काचेला चिकटून वर चढलेली कड धरायची नाही.

दुधाच्या लॅक्टोमीटरवर मात्र आपल्याकडे 84 फॅरनहाइट छापलेलं मिळतं, म्हणजे साधारण 29 डिग्री, कोणीतरी इकडच्या हवेचा विचार केला होता. बिअरच्या नळीवर तो करायला इकडे गिऱ्हाईक कुठे आहे.