चावीतला 'च' कुठून आला?

'अमक्या भाषेतला तमका शब्द आपल्यासारखाच आहे, म्हणजे ती भाषा आपल्यातूनच निघाली' असे सांगणाऱ्या याद्या व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. शब्द सारखे दिसणे हा नात्याचा पुरावाच नव्हे. स्पॅनिश 'मुचो' आणि इंग्रजी 'मच' या दोन्हींचा अर्थ 'पुष्कळ', तरी त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. 'मुचो' आला लॅटिन 'मुल्तुम'वरून, 'मच' जुन्या इंग्रजीतल्या दुसऱ्याच शब्दावरून. नाते सिद्ध होते ते फरकांमधल्या शिस्तीवरून. ही शिस्त पाहायला रोमान्स भाषांसारखी, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रोमानियन अशा भाषांसारखी, जागा नाही, कारण इथे आई लॅटिन आणि तिच्या मुली, सगळ्यांचे लेखन आपल्यासमोर आहे.

किल्लीला लॅटिनमध्ये 'क्लावेम'. फ्रेंचमध्ये ती 'क्ले' झाली, इटालियनमध्ये 'क्यावे', स्पॅनिशमध्ये 'ल्यावे', पोर्तुगीजमध्ये 'शाव'. आता ज्वाला, म्हणजे 'फ्लाम्मा' घ्या. त्याच क्रमाने 'फ्लाम', 'फ्यामा', 'ल्यामा', 'शामा'. पाऊस म्हणजे 'प्लुविया': 'प्लुई', 'प्योज्जा', 'ल्युविया', 'शुवा'. फ्रेंचने 'ल' जपला, इटालियनने त्याचा 'य' केला, स्पॅनिशने आधीचे व्यंजनच टाकून दिले आणि पोर्तुगीजने क्ल, फ्ल, प्ल तिन्हींना एकाच 'श'मध्ये नेऊन बसवले. 'क्ले' आणि 'शाव' ऐकून कुणी त्यांना बहिणी म्हणणार नाही, पण सख्ख्या बहिणी त्याच.

हे सगळे जिभेचे काम. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला लागतो, 'ल' म्हणताना टोक दातांच्या मागे टेकते. भरभर बोलताना या दोन हालचाली एकमेकींवर चढतात, जिभेचा मधला भाग वर उचलला जातो आणि 'ल'चा 'ल्य' होतो, साधारण 'कल्याण'मधल्यासारखा. एकदा 'क्ल्यावे' झाले की पुढे तीन वाटा. टोक टेकवायचे सोडले की 'क्यावे'. सुरुवातीचा 'क' गळला की 'ल्यावे'. दोन्ही ध्वनी एकजीव झाले की 'चावे'. मग 'प' आणि 'फ' तर ओठांवरचे, तिथे हे कसे घडले? रोमानियन याचा धागा देते. तिने 'क्ल' बदलला (किल्लीला 'केये'), पण 'प्ल' आणि 'फ्ल' तसेच ठेवले ('भरलेला' म्हणजे 'प्लिन', फूल म्हणजे 'फ्लोआरे'). बदल 'क्ल'मध्ये सुरू झाला आणि काही भाषांत तो बाकीच्या जोड्यांपर्यंत पसरला, असा अर्थ यातून निघतो.

पोर्तुगीजसाठी वर 'श' लिहिला आणि आता 'च', हे वाचकाला खटकले असेल. दोन्ही बरोबर आहेत. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा ते 'च'च म्हणत असत. त्यांच्याकडून आपण 'चावी' घेतली ती त्या 'च'सकट. पुढे लिस्बनच्या बोलीत 'च'चा 'श' झाला. उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत मात्र जुना 'च' अजून ऐकू येतो. म्हणजे आजच्या लिस्बनकरापेक्षा आपला उच्चार सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजाला जवळचा आहे! तिकडे स्पॅनिशमध्ये 'ल्यावे'चे बहुतेक ठिकाणी 'यावे' झाले आणि ब्युनोस आयरेसमध्ये त्या 'य'चा 'श' होऊन 'शावे'. लिस्बन आणि ब्युनोस आयरेस अगदी वेगळ्या वाटांनी एकाच ध्वनीपाशी येऊन पोचली. मला हे फार विलक्षण वाटते.

नियम इतका पक्का, तर स्पॅनिशमध्ये 'क्लावे' असाही शब्द कसा? बोलली जाणारी लॅटिन बदलत गेली तरी चर्चमध्ये आणि ग्रंथांत जुनी लॅटिन चालूच होती. हे अंतर इतके वाढले, की 813 मध्ये फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेला प्रवचने लोकांच्या 'गावंढळ रोमन' किंवा जर्मॅनिक बोलीत करा असे ठरवावे लागले. मात्र त्या ग्रंथांतून शब्द पुन्हा उचलले जात राहिले, आणि उशिरा आलेल्यांवर तो जुना ध्वनिबदल चालला नाही. कुलपाची ती 'ल्यावे', सांकेतिक लिपीची किंवा कोड्याची ती 'क्लावे'. पोर्तुगीजमध्येही 'भरलेला' या अर्थाचा घरचा शब्द 'शेयु' आणि पुस्तकातून आलेला 'प्लेनु' अशी जोडी आहे. स्पॅनिश शब्दाच्या सुरुवातीला 'क्ल' किंवा 'प्ल' शाबूत दिसला, की तो बहुधा मागाहून, ग्रंथांच्या किंवा शेजारच्या भाषेच्या वाटेने आलेला असतो.