मुंबईचा प्लेग, मुंबईचा नाला

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत दर आठवड्याला प्लेगने किती माणसं गेली, याची नोंद शिल्लक आहे. साथ ऐन भरात असताना हा आकडा आठवड्याला ९०० च्या आसपास होता. वीस वर्षांनी एडिंबरोतल्या दोघांनी ही नोंद हाताशी घेतली. त्यातले अँडरसन मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये राहिलेले डॉक्टर होते आणि त्यांनी कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं होतं. विल्यम केरमॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. १९२७ मध्ये त्यांनी साथीचं जे गणित मांडलं, ते मुंबईच्या मृत्यूंच्या आलेखावर ताडून दाखवलं. आज कोणत्याही साथीचा अंदाज बांधताना लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले असे माणसांचे गट पाडतात. त्याचं मूळ या गणितात आहे.

पण या गणितात एक जागा रिकामी होती. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे, हे त्या दोघांनाही माहीत होतं. तरी समीकरणात उंदीर नव्हते, पिसवा नव्हत्या आणि चाळींची दाटीही नव्हती. माणूस आजारी पडतो आणि दुसऱ्याला पाडतो, एवढंच त्यात होतं. भोवतालचा परिसर गणिताबाहेर राहिला.

तो आत यायला बराच काळ लागला. १९७३ मध्ये इटलीत नेपल्स आणि बारी इथे कॉलरा पसरला. त्या साथीवर व्हिन्चेन्झो कापासो आणि पावेरी-फोंताना यांनी १९७९ मध्ये जे गणित केलं, त्यात रुग्णांच्या जोडीला परिसरातल्या जंतूंचं प्रमाण हीही एक राशी होती. रुग्ण पाण्यात जंतू सोडतो, ते काही काळ टिकतात, मग मरतात, आणि मधल्या वेळात जो त्या पाण्याच्या संपर्कात येतो त्याला लागण होते. पाण्यातून पसरणाऱ्या रोगांच्या गणिताची चौकट आजही बहुतांशी हीच आहे.

पाण्यातले जंतू प्रत्यक्ष मोजण्याचं काम मात्र वेगळ्या वाटेने वाढत होतं. इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी १९४८ मध्ये गटारांत गॉजच्या पट्ट्या लोंबकळत ठेवल्या आणि जंतू सापडेल त्या फाट्याने वर वर जात पॅराटायफॉइडचे वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट दिसत जंतू पसरवणारे, शोधले. पोलिओचा विषाणू मैलापाण्यात सापडतो, हे तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच अमेरिकेत दिसलं होतं. पोलिओला हा मार्ग विशेष लागू पडतो, कारण लागण झालेल्या सुमारे २०० जणांत एकालाच लुळेपणा येतो. बाकीचे धडधाकट दिसतात, पण त्यांच्या विष्ठेतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत तो येत नाही, गटारात येतो.

भारतात हे काम २००१ मध्ये मुंबईत सुरू झालं. परळच्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरने धारावीसारख्या दाट वस्त्यांच्या सांडपाण्याचे नमुने नियमित तपासायला घेतले. सापडलेल्या विषाणूची जनुकीय रचना पाहिली की तो कुठल्या घराण्यातला, उत्तर भारतातून आलेला आहे का, हेही कळायचं. कामासाठी माणसं सतत येत-जात असलेल्या या शहरात ही माहिती फार मोलाची होती. सांडपाण्यातला शेवटचा वन्य, म्हणजे लशीतला नव्हे तर निसर्गात फिरणारा, पोलिओ विषाणूही मुंबईतच, नोव्हेंबर २०१० मध्ये सापडला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला आढळला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या यशात पल्स पोलिओच्या बूथवरच्या ताई सगळ्यांना आठवतात. नाल्याकाठी बाटली भरणाऱ्यालाही त्यात जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

२०१३ मध्ये इस्रायलमध्ये सांडपाण्यात वन्य पोलिओ महिनोनमहिने सापडत राहिला, पण लुळेपणाचा एकही रुग्ण नव्हता. तिथे २००५ पासून फक्त टोचायची लस होती. ती मुलाला वाचवते, पण आतड्यातली वाढ पूर्ण रोखत नाही. इथे गणित करायला रुग्णसंख्या नव्हतीच, होतं ते फक्त गटाराचं पाणी. नुसत्या त्या खुणेवरून मुलांना तोंडावाटे डोस देण्याची मोहीम निघाली.

कोविडमध्ये हा मार्ग जगभर पोचला. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमर्सफूर्टच्या मैलापाण्यात ५ मार्च २०२० ला विषाणूचे अंश सापडले. तिथल्या पहिल्या रुग्णांची नोंद त्यानंतर सहा दिवसांनी झाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सांडपाण्यातून विषाणूच्या उपप्रकारांचा माग काढला.

विषाणू आहे का, याचं उत्तर तसं सोपं. किती जणांना लागण आहे, इथे खरी अडचण सुरू होते. पाण्यातलं विषाणूचं प्रमाण गुणिले दिवसाचा प्रवाह, भागिले एका रुग्णाच्या विष्ठेतून जाणारे विषाणू, एवढा साधा हिशेब वाटतो. पण रुग्ण कधी जास्त सोडतो, कधी कमी. वाटेत काही विषाणू नष्ट होतात. बंद पाइपांच्या शहरात प्रवाह मोजता येतो. आपल्या उघड्या नाल्यात जुलैच्या एका सरीने पाणी कित्येक पट होतं, शिवाय भरतीचं पाणी आत शिरतं. कित्येक वस्त्यांचा मैला तर सेप्टिक टँकमध्येच राहतो, नमुन्यात येतच नाही. विरळपणाचा अंदाज यावा म्हणून त्याच नमुन्यात मिरचीच्या झाडावरचा एक विषाणू मोजतात. तो मिरची खाणाऱ्यांच्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, म्हणून पाण्यात माणसांचा मैला किती, याचं ते माप ठरतं. पण मिरची कुठे किती खाल्ली जाते यावर हे मापही बदलतं, त्यामुळे ते प्रत्येक शहरात तिथल्याच पाण्यावर नव्याने ताडून घ्यावं लागतं.